पातळ जीआय पत्र्याचं ब्रेझिंग : वायर कुठली, मशीन कुठलं? (वडोदरा)

मकरपुरा_शेड

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या शेडमधलं काम आहे: एअर हँडलिंग युनिटचे पाण्याचे ट्रे, डक्टचे जोड आणि लहान पॅनेल बॉक्स. पत्रा जीआय (जस्ताचा थर दिलेलं पोलाद), ०.८ आणि १.० मिमी, जस्ताचा थर १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). सांधे बहुतेक लॅप (एकावर एक पत्रा), थोडे कोपऱ्याचे. ट्रे गळता कामा नये.

सध्या ०.८ मिमीची साधी तांब्याचं पाणी दिलेली स्टील वायर आणि सीओटू. भोकं पडतात, बीडमध्ये (सांध्यावर थिजलेल्या धातूच्या रेघेत) सुईएवढी छिद्रं राहतात, शिंतोडे ग्राइंडरने काढताना उरलंसुरलं जस्तही जातं. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० मिमी पट्टा जळतो आणि एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

आता मिग ब्रेझिंगकडे (मिग मशीनने, पण पत्रा न वितळवता तांब्याच्या मिश्रधातूची वायर वापरून जोडणं) जायचं आहे. प्रश्न असे:
१. सिलिकॉन ब्रॉन्झ घ्यावी की ॲल्युमिनियम ब्रॉन्झ? ०.८ की १.०?
२. २५० अँपिअरचं, टॅप बदलायचं जुनं मिग मशीन आहे. ते चालेल का?
३. गॅस कुठला?

तांबडी_वायर

आधी आकडे डोळ्यांसमोर ठेवा, निम्मी उत्तरं त्यातच आहेत. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. पोलाद वितळायला साधारण १५०० लागतात. सिलिकॉन ब्रॉन्झ वायर साधारण ९६५ ते १०३५ अंशांत वितळते. म्हणजे ब्रेझिंगमध्ये पोलाद घन राहतं, वायर तेवढी वितळून त्यावर पसरते आणि चिकटते.

पण ब्रेझिंग केलं की जस्त जळतच नाही, हा समज चुकीचा आहे. वायर वितळते तेच तापमान जस्ताच्या उकळबिंदूच्या वर आहे आणि कमानीचं (आर्कचं) त्याहून कितीतरी जास्त. बीडखालचं जस्त जाणारच. फरक एवढाच की जळालेला पट्टा अरुंद होतो, मागच्या बाजूचा थर बराचसा वाचतो आणि पत्रा वाकडा कमी होतो. जस्ताची वाफ होणार हे धरूनच सांध्याची आखणी करावी लागते. त्यावर पुढे लिहितो.

वायर: या कामाला सिलिकॉन ब्रॉन्झच. पाकिटावर ईआर सीयूएसआय-ए किंवा सीयूएसआय३ असं लिहिलेलं असतं. आयएसओ २४३७३ प्रमाणे सीयू ६५६०. सुमारे ३ टक्के सिलिकॉन, १ टक्का मँगनीज, बाकी तांबं. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो आणि ऑक्सिजन बांधला जातो. बीड मऊ असल्यामुळे घासायला सोपी.

ॲल्युमिनियम ब्रॉन्झ, म्हणजे सीयूएएल८, जास्त मजबूत आणि दिसायला पिवळी चकचकीत. पण ती किंचित जास्त तापमानाला वितळते, पसरायला आळशी आणि घासायला कडक. ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा किंवा स्टेनलेस असेल तर तिचा विचार करा. ०.८ मिमी जीआयमध्ये सांधा तुटायच्या आधी पत्राच फाटतो, त्यामुळे ती जादा ताकद वापरात येतच नाही.

जाडी मशीनवर ठरते. पल्स (करंट ठोक्याठोक्याने देणारं मशीन) असेल तर १.० घ्या. साधं मशीन असेल तर ०.८, कारण कमी अँपिअरवर १.० ची कमान अडखळते. मात्र ०.८ ची मऊ वायर रोलरपाशी गुंतते, त्याची तयारी हवी.

वाघोडिया_रोड

वरच्याशी सहमत. मशीनबद्दल लिहितो.

टॅपचं मशीन इथे अडेल. ०.८ पत्र्याला १३ ते १५ व्होल्टच्या पट्ट्यात अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने सरकता आलं पाहिजे. जुन्या मशीनचा सगळ्यात खालचा टॅपही बहुधा जास्त असतो आणि पुढच्या टॅपला उडी मोठी असते. पुन्हा दुपारी लाइनचं व्होल्टेज हललं की सकाळी लावलेली सेटिंग गेली. इन्व्हर्टर मशीन घ्या, आणि विकत घेताना सीयूएसआय३ चा प्रोग्रॅम आत आहे का ते स्क्रीनवर दाखवायला सांगा. नुसतं 'सिनर्जिक' (वायरप्रमाणे सेटिंग आपोआप जुळवणारं) लिहिलेलं पुरत नाही. अनेकांत फक्त स्टील आणि ॲल्युमिनियमचे प्रोग्रॅम असतात. पल्स असेल तर शिंतोडे जवळजवळ जातात. ॲम्पिअर मात्र मोठे नकोत, २०० चं मशीन या पत्र्याला भरपूर.

आता खरी गोष्ट. मशीनच्या पैशांपेक्षा वायर पुढे ढकलणाऱ्या भागांवर काम जास्त अवलंबून आहे. स्टीलच्या वायरला लावलेले भाग तसेच ठेवून ब्रॉन्झ चढवली तर पहिल्या दिवशीच 'ही वायर खराब आहे' असं वाटेल.

रोलर: गुळगुळीत यू खाचेचे, चार रोलरचा फीडर असेल तर उत्तम. व्ही खाच मऊ वायर चेपते आणि दातेरी रोलर तिचा कीस पाडतो. तो कीस लायनरमध्ये साचतो आणि वायर धक्के खात येते.

लायनर (टॉर्चच्या केबलमधली, वायर जाते ती नळी): टेफ्लॉनचा किंवा कार्बन-टेफ्लॉनचा. टॉर्चच्या मानेत उष्णता जास्त, तिथे टेफ्लॉन मऊ पडतो. म्हणून शेवटचा तुकडा पितळी स्प्रिंगचा असलेला लायनर मागा. स्टीलचा जुना लायनर नको, आत स्टीलच्या वायरची धूळ असते.

टॉर्च: ३ मीटरची, त्याहून लांब नको. काम करताना केबलला वेटोळं पडू देऊ नका.

टिप: तापली की मऊ वायर फुगते आणि भोकात अडकते. म्हणून १.० वायरला ॲल्युमिनियमसाठीची १.० टिप घ्या, तिचं भोक किंचित मोठं असतं. थेट १.२ ची टिप लावली तर वायर आत हलते आणि कमान फडफडते.

दाब: टॉर्चचं तोंड लाकडी ठोकळ्यावर तिरकं धरून वायर सोडा. वायर वळून पुढे येत राहिली पाहिजे. हातमोज्याने घट्ट धरली तर रोलर घसरले पाहिजेत. घसरण्याऐवजी फीडरपाशी वायरचा गुंता झाला तर दाब जास्त आहे. स्पूलचा ब्रेकही सैल करा, थांबल्यावर स्पूल पाव फेऱ्याहून जास्त फिरू नये एवढाच.

मकरपुरा_शेड

फार उपयोगी. सीओटूचा रेग्युलेटर आणि हीटर आहेच, तोच आरगॉनला चालेल का? आणि ८०-२० मिक्स्चर मिळतं, ते वापरू का?

तांबडी_वायर

दोन्हीला नाही. आरगॉन सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे आटे वेगळे असतात, आरगॉनचा रेग्युलेटर आणि फ्लोमीटर घ्यावाच लागेल. ॲडॉप्टर घालून जुगाड करू नका, तिथे १५० बारचा दाब असतो. हीटरची गरज नाही.

८०-२० मध्ये २० टक्के सीओटू. त्यात सिलिकॉन जळून जातो, बीड काळी पडते, कमान गरम होते आणि पत्र्याला भोक पडतं. शुद्ध आरगॉनने सुरुवात करा, दर मिनिटाला १० ते १४ लिटर. ७ घनमीटरचा सिलिंडर १२ लिटरने चालवला तर कमानीचे सुमारे साडेनऊ तास मिळतात. जस्तामुळे कमान भटकत असेल तर आरगॉनमध्ये १ ते २ टक्के ऑक्सिजन किंवा सीओटू असलेलं मिश्रण उपयोगी पडतं.

विश्वामित्री_काठ

आरगॉनवरून एक स्थानिक मुद्दा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो, शेडची दोन्ही दारं उघडी आणि प्रत्येक टेबलाशेजारी उभा पंखा. सीओटूवर काम करताना हे कसंबसं निभतं. आरगॉनमध्ये मात्र पंख्याच्या झोताने गॅसचं आवरण उडालं की छिद्रं पडतात. मग कारागीर गॅस वाढवून २०-२२ लिटरवर नेतो. त्याने उलट होतं: गॅस खळबळून बाहेर पडतो आणि हवा आत ओढतो. पंखा कारागिराच्या पाठीमागून मिळू द्या, पण कामाच्या टेबलाभोवती तीन बाजूंनी पडदे लावा.

पावसाळ्याचंही सांगतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये मशीनवर उघडं राहिलेलं ब्रॉन्झचं स्पूल तपकिरी पडतं आणि मग कितीही सेटिंग करा, बीड फसफसते. संध्याकाळी स्पूल काढून सिलिका जेलच्या पुडीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. आणि ५ किलोचंच स्पूल घ्या, मोठं स्पूल स्वस्त पडतं पण संपेपर्यंत खराब होतं.

वाघोडिया_रोड

स्पूल किती पुरेल याचा हिशेब देतो, कोटेशनला लागेल. ०.८ पत्र्याच्या लॅपवर बीडचं छेदक्षेत्र ५ चौरस मिमी धरा. एक मीटर सांध्याला ५००० घनमिमी, घनता ८.५ धरून साडेबेचाळीस ग्रॅम. १.० मिमी वायरने हे साधारण ६.४ मीटर वायर झाली, ०.८ ने १० मीटर. ५ किलोच्या स्पूलमध्ये ११५ मीटरच्या आसपास अखंड सांधा. डक्टला अखंड लागत नाही. ७५ मिमी अंतराने २५ मिमीचे टाके घातले तर मीटरला १४ ग्रॅममध्ये भागतं. वायर स्टीलच्या कित्येक पट महाग आहे हे खरं, पण घासकाम आणि फेकलेले पत्रे धरले तर हिशेब वेगळा निघतो.

तांबडी_वायर

आता वाफेचं. माझ्या मते या सगळ्या कामाचं गणित इथे आहे.

छिद्रं पडतात ती बहुतेक वायरमुळे नाही, क्लॅम्पमुळे पडतात. लॅपमध्ये दोन पत्रे घट्ट दाबले की मधल्या दोन थरांचं जस्त उकळतं आणि त्या वाफेला एकच वाट उरते, ती म्हणजे वितळलेल्या बीडमधून. ०.३ ते ०.५ मिमी फट ठेवा. २६ गेजच्या पट्टीचा तुकडा, सुमारे ०.४५ मिमी, क्लॅम्पजवळ शिम (फट राखणारी पट्टी) म्हणून चालतो. जास्त नग असतील तर पंचने खालच्या पत्र्यावर १०० मिमीच्या अंतराने बारीक उठाव काढून घ्या, मग कारागिराला शिम शोधायला नको. फट १ मिमीपलीकडे गेली की रस आत ओघळतो आणि वरची कड उघडी पडते.

ट्रेसाठी आणखी एक. लॅपच्या दोन्ही कडा ब्रेझ करू नका. एक कड बंद झाली की दुसरी करताना आतली वाफ कोंडते आणि शेवटच्या टप्प्यात बीड फुटते. पाण्याकडची कड अखंड ब्रेझ करा, बाहेरची मोकळी ठेवा. ती शेवटी सीलंटने बंद करा.

कोपऱ्याला पत्र्याच्या टोकाला टोक लावण्यापेक्षा (बट जोड) एका पत्र्याला १० मिमीचा ओठ मोडून (वाकवून) त्याचा लॅप करा. बट जोड करायचाच असेल तर पत्र्याच्या जाडीएवढी फट हवी.

जस्त घासून काढून मग ब्रेझिंग करायची सवय असेल तर ती मोडा. शाबूत जस्तावर रस चांगला पसरतो. तेल मात्र पुसा, ॲसिटोनने. क्लोरीनवालं क्लीनर कमानीजवळ कधीच नको, त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो.

सुरुवातीची सेटिंग, ०.८ ते १.० पत्रा आणि १.० वायर: ६० ते ८५ अँपिअर, १३.५ ते १५.५ व्होल्ट, वायर मिनिटाला ४ ते ५ मीटर, हात मिनिटाला ६० ते ७० सेंमी. टॉर्च प्लसला. टिपपासून पत्रा १० ते १२ मिमी. टॉर्च ढकलत न्यायची, ओढत नाही. उभ्या रेषेपासून १० ते १५ अंश झुकवून. ढकलल्याने कमान पुढचं जस्त आधीच उडवते आणि रस स्वच्छ जागेवर येतो. ओढली तर वाफ रसाखालीच निघते. झोका देऊ नका, सरळ रेघ. कमान वरच्या पत्र्याच्या कडेवर नको, खालच्या पत्र्यावर कडेला लागून ठेवा. वरची कड आपोआप ओली होते.

झोत_आणि_झाळ

मिगच्या चर्चेत गॅसच्या ज्योतीने होणाऱ्या ब्रेझिंगला विसरू नका. जागेवरची दुरुस्ती, एखादा कोपरा, जिथे मशीन नेता येत नाही तिथे ऑक्सि-ॲसिटिलीनने पितळी सळई चालते. १.६ किंवा २ मिमीची, ८८० अंशांच्या आसपास वितळणारी. लहान नोझल, ज्योत तटस्थ किंवा किंचित ऑक्सिजन जास्त. ॲसिटिलीन जास्त झालं तर सळईतलं जस्त धुरात जातं. बोरॅक्सचा फ्लक्स, आणि काम झाल्यावर त्याची काचेसारखी खपली गरम पाण्याने आणि तारेच्या ब्रशने पूर्ण काढायची. ती राहिली की त्याखाली गंज सुरू होतो आणि वरचा रंग सोलतो. ज्योतीने पट्टा मिगपेक्षा रुंद जळतो, हे मान्य.

आणि फक्त हवाबंद करायचं असेल, ताकद नको असेल, तर डाख (सोल्डर) द्या. पन्नास-पन्नास कथील-शिसं २१५ अंशांच्या आतच पूर्ण वितळतं, जस्त ४१९ पर्यंत हलतही नाही. थर पूर्ण वाचतो. आधी पत्रा मोडून लॉक करा म्हणजे ताकद घडीत राहील, मग झिंक क्लोराइडचा फ्लक्स आणि डाख. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा. पिण्याच्या पाण्याच्या कामाला शिसं अजिबात नको.

ब्रेझिंगसाठी चांदी असलेल्या सळया घेत असाल तर कॅडमियममुक्त लिहिलेल्याच घ्या. कॅडमियमचा धूर फुप्फुसं निकामी करून जीव घेऊ शकतो.

विश्वामित्री_काठ

धुराचा विषय निघाला ते बरं झालं. जीआयवर कमान लागली की कापसासारखे पांढरे तंतू उडतात, ते झिंक ऑक्साइड. ते श्वासात गेलं की चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, तोंडात धातूची चव, अंगदुखी. एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून लोक मलेरिया किंवा उन्हाचा त्रास समजतात. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन तो टळत नाही. रुमालही कामाचा नाही, हे कण फार बारीक असतात. सांध्यापासून एक वीत अंतरावर बाजूने ओढणारा एक्झॉस्ट लावा. तोंडावरून जाणारा धूर डोक्यावरच्या हुडकडे नेऊन काय उपयोग, तो नाकासमोरूनच जातो. त्याखेरीज धातूच्या धुरासाठीच्या फिल्टरचा अर्धा मास्क. कारागिरांना हे गुजरातीत लिहून भिंतीवर लावा, आणि रात्री थंडी-ताप आला तर डॉक्टरला 'जस्ताच्या धुरात काम केलं' हे आधी सांगायला शिकवा.

मकरपुरा_शेड

आभार. सिलिकॉन ब्रॉन्झ १.०, शुद्ध आरगॉन, पल्स मशीन चाचणीला आणलं आहे. ०.८ च्या कटपीसवरचे निकाल देतो. ७५ अँपिअर, १४.५ व्होल्ट, फट ०.४५: बीड सोनेरी, शिंतोडे नाहीत, मागचा थर फक्त मंद पडला आहे. क्लॅम्प घट्ट करून केलेल्या तुकड्यात ३०० मिमीमध्ये सात छिद्रं. म्हणजे फटीचं खरं आहे.

दोन शंका. एका तुकड्यात मोडलेल्या कोपऱ्याशेजारी बीडच्या कडेने पोलादातच केसासारखी चीर आहे. आणि तांब्याची बीड जस्ताशेजारी बसली की गंज वाढणार नाही का?

तांबडी_वायर

चीर: वितळलेलं तांबं ताणाखालच्या गरम पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि तिथून पोलाद उघडतं. ताण आणि जादा उष्णता, दोन्ही असावं लागतं. मोडलेला कोपरा क्लॅम्पने ओढून जागेवर आणला असेल तर तो ताण तिथेच आहे. पत्रा नीट मोडा म्हणजे तो स्वतःहून जागेवर बसेल, बीड मोडीपासून ५-६ मिमी लांब ठेवा, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा कमान लावू नका. बीड बिघडली तर पूर्ण घासून काढून मगच पुन्हा.

उष्णता जास्त झाली का हे बघायचं तर सांधा आडवा कापून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. तांबं आणि पोलादाची सीमा सरळ रेघ दिसली पाहिजे. रेघ पोलादात खड्डा करून गेली असेल तर ते वेल्डिंग झालं; अर्ध्या व्होल्टने खाली या किंवा हात वाढवा. आणि छिन्नीने सोलूनही बघा. बीड पत्र्यावरून स्वच्छ उचकटली तर रस पसरलाच नव्हता. पत्रा फाटला तर सांधा पास.

वाघोडिया_रोड

गंजाचं मी सांगतो. तांबं आणि जस्त ओल्यात एकत्र आले की जस्त झिजतं, बरोबर. पण इथे तांब्याचं क्षेत्र लहान आणि जस्ताचं मोठं, त्यामुळे झीज पसरते आणि सावकाश होते. खरी अडचण बीडशेजारच्या जळालेल्या पट्टीत. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. गमावायला फार नाहीच. गच्चीवर बसणाऱ्या युनिटला शक्य असेल तर २७५ जीएसएमचा पत्रा मागा, त्यात एका बाजूला १९ मायक्रॉनच्या आसपास असतात. मात्र वाफही तेवढीच जास्त, फट ०.५ च्या खाली नेऊ नका.

बीडवरची काजळी आणि पांढरी पूड ब्रशने काढा, मग जस्त भरपूर असलेला प्रायमर. तो फक्त जळालेल्या पट्टीवर न लावता तांब्याच्या बीडवरही लावा. तांबं झाकलं की ती जोडीच तुटते. याची सवय लागत नाही कारण सोनेरी बीड सगळ्यांना उघडी दाखवावीशी वाटते.

ट्रेची गळती पाणी भरून तपासू नका, बारीक छिद्रात पाणी थांबतं. बाहेरून चुन्याची किंवा खडूची पातळ निवळी लावून वाळवा, आतून सांध्यावर डिझेल फिरवा, वीस मिनिटांनी बघा. जिथे ओला डाग उमटला तिथे छिद्र. नंतर रंगाआधी तेल पूर्ण पुसा.

मकरपुरा_शेड

चाचणीच्या ट्रेला तसंच केलं. एकच डाग, बीड जिथे संपते तिथे.

तांबडी_वायर

तो शेवटचा खळगा. ट्रिगर सोडताच रस आकसतो आणि मधोमध भोक राहतं. मशीनमध्ये क्रेटर (हा खळगा) भरायची सोय असेल तर चालू करा. नसेल तर शेवटी १० मिमी मागे येऊन ट्रिगर सोडा, आणि गॅस दोन सेकंद चालू असेपर्यंत टॉर्च तिथून हलवू नका. अखंड ट्रेमध्ये बीडचा शेवट कोपऱ्यात कधीच आणू नका, सरळ बाजूच्या मध्यावर आणून आधीच्या बीडवर १५ मिमी चढवा.